पलटणीतले आजोबा, सड्यावरची आजी

गौरी-गणपतीला मुंबईकर घरी आले की पडवीत दोन वाद ठरलेले. पहिला जमिनीच्या वाटपाचा. तो भावाभावांनी आपसात मिटवावा. दुसरा देशाचा. ऐंशीच्या घरातले आजोबा म्हणतात, आजच्या पोरांना लढाई म्हणजे क्रिकेटची मॅच वाटते. पोरं म्हणतात, तुमची पिढी तलाठ्यापुढेसुद्धा हात जोडून उभी राहायची, तुम्ही आम्हाला काय शिकवता? मधली पन्नाशीची पिढी मोबाइलमध्ये तोंड घालून बसते. तिला दोघांचाही राग येत असतो, शिवाय आरतीला उशीर होत असतो.

माझ्या मते यात वयाचा संबंध फार थोडा आहे. लढाईची आणि लढ्याची किंमत कुणाच्या घरातून वसूल होणार आणि परतावा कुणाच्या पदरात पडणार, या हिशेबावर कोकणातली मतं ठरत आली आहेत. हिशेब बदलला की मत बदलतं. पिढी बदलते तोवर बहुधा हिशेबही बदललेला असतो, म्हणून आपल्याला तो पिढीचा गुण किंवा दुर्गुण वाटतो.

जुन्या लोकांबद्दल एक गोड समजूत आहे, ती आधी बाजूला ठेवू. आपले पणजोबा पलटणीत गेले ते देशासाठी, असं आपण शाळेच्या गॅदरिंगमध्ये सांगतो. १९१४ साली देश कुणाचा होता? पाऊस उदंड, पण भाताचं पीक एकच. वरकस जमिनीत नाचणी-वरी. त्यातलाही वाटा खोताच्या घरी. अशा घरातल्या तरण्या मुलाला दोन दारं होती, मुंबईची गिरणी आणि सरकारी पलटण. जुन्या मुंबई इलाख्याच्या फौजेला रत्नागिरी आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांनी पिढ्यानपिढ्या माणसं पुरवली. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात होत्या आणि कुटच्या वेढ्यात उपासमारीने खंगून एप्रिल १९१६ मध्ये तुर्कांच्या हाती सापडल्या. महाराष्ट्रातल्या अनेक गावांतून तेव्हाच्या सरकारने संगमरवरी पाट्या बसवल्या: या गावातून इतके इसम महायुद्धात गेले, पैकी इतके कामास आले. पाटीवर आकडे आहेत, नावं नाहीत. सरकारलाही हिशेब तेवढाच ठेवायचा होता.

त्या पिढीच्या बोलण्यात शत्रूचा द्वेष सापडत नाही. तुर्काशी त्यांचं काही वैर नव्हतं, जर्मनाला तर त्यांनी आधी पाहिलाही नव्हता. भरती, रजा, मनीऑर्डर, पेन्शन या चार गोष्टींत युद्ध संपायचं. घरच्यांच्या बाजूने पाचवी गोष्ट होती, तार. तार आली की ती वाचून दाखवायला कुणी येईपर्यंत निम्मी रडारड होऊन जायची, मग भले ती रजा मंजूर झाल्याची का असेना. एवढ्या जवळून युद्ध पाहिलेल्या घरात घोषणा सुचत नाहीत. त्याला शहाणपण म्हणून ओवाळायचंही कारण नाही; लढाईने दिलेलं आणि नेलेलं दोन्ही त्यांच्या समोर होतं इतकंच.

लढाईने दिलं काय? इथे आपला इतिहास मोठा रंजक होतो. दापोलीला ‘कॅम्प दापोली’ म्हणायचे, कारण तिथे पलटणीतून निवृत्त झालेल्यांची वसाहत होती. त्यांत महार सैनिक पुष्कळ. कंपनीच्या आणि पुढे सरकारच्या फौजेत शिपायांच्या मुलांना शाळा सक्तीची होती. गावात ज्याला शाळेच्या ओट्यावर बसू देत नसत त्याचा मुलगा छावणीत लिहायला शिकला. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील, मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे सुभेदार रामजी सकपाळ, लष्करी शाळेत मास्तर होते. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर पलटणीतून निवृत्त होऊन दापोलीला आले आणि अस्पृश्यतेविरुद्ध लिहू लागले. १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली, तेव्हा ती पुन्हा सुरू करावी म्हणून सरकारकडे अर्ज तयार करण्यात तेच पुढे होते. म्हणजे या किनाऱ्यावरचा दलितांचा पहिला संघटित निषेध ‘आम्हाला लढू द्या’ असा होता. आजच्या साच्यात हे बसवायचं कसं? युद्धखोर म्हणायचं की आंदोलक?

पुढे २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर जी माणसं गेली त्यांच्यात पलटणीतले पेन्शनर होते. त्या परिषदेच्या भाषणात बाबासाहेबांनी लष्कराची दारं बंद झाल्याने समाजाचं काय गेलं याचा विस्ताराने हिशेब मांडला होता. रांगेत चालायचं कसं, मार खाऊन पळायचं नाही, वरच्याच्या डोळ्याला डोळा द्यायचा, हे ज्याने कवायतीच्या मैदानावर शिकलंय त्याला सत्याग्रह वेगळा शिकवावा लागत नाही. पेन्शन सरकारी असल्याने खोताच्या किंवा गावकीच्या मर्जीवर त्याची चूल अवलंबून नसे, हेही विसरू नये. आंदोलनाला धाडस लागतं असं आपण म्हणतो. त्याच्या आधी महिन्याचे चार पैसे लागतात.

दुसऱ्या महायुद्धात तर या एकाच किनाऱ्यातून तीन वेगवेगळी उत्तरं निघाली. १७ ऑक्टोबर १९४० ला पवनार इथे युद्धाविरुद्ध भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही झाले ते विनोबा, जन्म पेण तालुक्यातल्या गागोद्याचा. चार वर्षांनी, १० जुलै १९४४ ला, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन चालली. एकटे घाडगे उभे राहिले. ते गनवर धावून गेले, हातबॉम्ब टाकला, एकाला गोळीने आणि उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं आणि स्वतः शत्रूच्या गोळ्यांना बळी पडले. वय २२. गाव माणगाव तालुक्यातलं पळसगाव. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. गागोदे आणि पळसगाव, दोन्ही तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात. तिसरं उत्तर बाबासाहेबांचं: नाझींचा पराभव व्हायलाच हवा, आणि आमची माणसं फौजेत परत घ्या. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली.

ही तिन्ही उत्तरं एकाच काळातली. ‘त्या पिढीचं युद्धाबद्दलचं मत’ म्हणून यांतलं कुठलं घ्यायचं? ज्याला चरख्यावर आणि तत्त्वावर जगता येत होतं त्याने एक उत्तर दिलं, ज्याच्या घरी मनीऑर्डर जायची होती त्याने दुसरं, ज्याला आपल्या समाजासाठी दार उघडून घ्यायचं होतं त्याने तिसरं. मी यातल्या कुणालाही खोटं म्हणणार नाही. पण माणगावच्या पोरांना घाडगे ठाऊक असतात आणि विनोबा आपल्याच जिल्ह्यात जन्मले हे ठाऊक नसतं, पेणच्या पोरांचं उलट, याचं मला वाईट वाटतं. दोघांना एका धड्यात बसवणारं पाठ्यपुस्तक अजून माझ्या पाहण्यात नाही.

मग आली १९४६ ची फेब्रुवारी. १८ तारखेला मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या तळावर खलाशांनी निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या यांच्याविरुद्ध संप केला. पाच दिवसांत ७८ जहाजं आणि २० किनारी तळांवर तो पसरला. सुमारे २० हजार खलाशी त्यात होते. नौदलाची भरती मुळात कोकणातून, त्यातही रत्नागिरीकडच्या हिंदू-मुसलमान दर्यावर्दी घरांतून व्हायची. युद्ध जिंकून आलेली ही मुलं होती. त्यांना पाठिंबा म्हणून मुंबईतल्या गिरण्या बंद राहिल्या, रस्त्यांवर गोळीबार झाला, दोनशेहून जास्त माणसं मेली. २३ तारखेला वल्लभभाईंच्या सल्ल्याने खलाशांनी हत्यारं खाली ठेवली. शेकडो जण बडतर्फ झाले. बंदरावर उतरून गावी आलेल्या त्या मुलांकडे ना पेन्शन होतं, ना मेडल, ना स्वातंत्र्यसैनिकाचं प्रमाणपत्र. मान्यता मिळाली ती फार उशिरा. किनाऱ्यावरच्या घरांनी त्यातून जे शिकायचं ते शिकून घेतलं. पुढच्या कितीतरी मुलांना ‘सरकारी नोकरीत तोंड उघडू नको’ असं बजावून गाडीत बसवलं गेलं. पडवीतली पोरं आजोबांच्या ज्या हात जोडण्याला हसतात, त्यामागे कुणाचं तरी गेलेलं पेन्शन असू शकतं.

तळकोकणात गोव्याच्या सीमेवर गोष्ट आणखी निराळी. १५ ऑगस्ट १९५५ ला बांद्याहून पत्रादेवीकडे निघालेल्या नि:शस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या. त्या दिवशी गोव्याच्या सीमांवर मिळून वीसेक माणसं मेली, त्यांत पंजाबातून आलेले कर्नैलसिंग बेनिपाल होते. नंतर दिल्लीने सत्याग्रह थांबवला. १९६१ च्या डिसेंबरात फौज आली आणि दीड-दोन दिवसांत गोवा मोकळा झाला. सावंतवाडी-बांद्याकडच्या म्हाताऱ्यांनी दोन्ही पाहिलं. त्यातून त्यांची मुलं जो निष्कर्ष काढतात तो ठरलेला: सत्याग्रहाने काय झालं? शेवटी रणगाडेच लागले.

हा निष्कर्ष मला पटत नाही, आणि तो पटवून देणाऱ्यांचा उत्साह तर अजिबात पटत नाही. सहा वर्षं आधी पत्रादेवीला माणसं मेली नसती तर गोव्याचा प्रश्न जगापुढे वसाहतीचा प्रश्न म्हणून उभाच राहिला नसता. १९६१ ची फौज मग आक्रमक ठरली असती. सत्याग्रहींनी कारण तयार करून ठेवलं होतं, फौजेने काम उरकलं. पण सैन्याचं काम डोळ्यांना दिसतं, सत्याग्रहाचं दिसत नाही. पुढच्या पिढीला दिसलेलंच आठवतं.

यानंतरची मोठी उलथापालथ लढाईतून आली नाही, ती गिरणीतून आली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप. अडीच लाख कामगार. त्यांत कोकणी माणसाचा वाटा किती मोठा होता हे लालबाग-परळच्या कुठल्याही चाळीला विचारावं. संप अधिकृतपणे संपला असं कधी कुणी म्हटलंच नाही. गिरण्या संपल्या. ट्रंका, वळकट्या आणि बायको-मुलं घेऊन माणसं गावी परतली, काही कायमची. माझ्या पिढीच्या मनात आंदोलनाबद्दल जी चीड आणि भीती आहे ती तिथली. ‘मोर्च्यात जाऊ नको, आधी आयटीआय कर,’ हे वाक्य ज्याने ऐकलं नाही असा पंचेचाळिशी-पन्नाशीतला माणूस रत्नागिरी जिल्ह्यात मिळणं कठीण. आम्हाला आत्मकेंद्री म्हणणाऱ्यांनी आमच्या बापांची ती रिकामी दुपार एकदा आठवावी, जेव्हा पोस्टमन खळ्यात न थांबता पुढे जायला लागला.

आणि म्हणूनच कोकणातला यानंतरचा प्रत्येक मोठा लढा बायकांच्या खांद्यावर आला. पुरुष मुंबईत होते, बोटीवर होते किंवा हरून घरात बसले होते. घर, शेत, कुळाचार, भांडण-तंटा हे सगळं मनीऑर्डरच्या काळापासून बाईच चालवत होती. गाव म्हणजे ती होती. गुहागर तालुक्यात एन्रॉनचा दाभोळ वीजप्रकल्प आला तेव्हा विरोधात उभ्या राहिल्या त्या वेलदूरसारख्या कोळीवाड्यांतल्या बाया. ३ जून १९९७ च्या पहाटे पोलीस वेलदूरच्या घरांत शिरले, बायकांना झोपेतून ओढून मारहाण झाली, अटक झाली. त्यांत एक गरोदर होती. मानवी हक्कांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी याचे अहवाल लिहिले. इथल्या वर्तमानपत्रांतून मात्र त्या बायकांना अर्थशास्त्र कळत नाही असा सूर होता. प्रकल्पाचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला. दोन वर्षांत वीज मंडळाने ती महागडी वीज घेणं बंद केलं आणि डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉन कंपनीच दिवाळखोरीत गेली. अर्थशास्त्र कुणाला कळलं नव्हतं ते मग राज्याच्या तिजोरीने भोगलं. वेलदूरला जाऊन कुणी माफी मागितल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

मग जैतापूर. माडबन आणि आसपासच्या गावांची ९३८ हेक्टर जमीन, ९,९०० मेगावॉटचा अणुप्रकल्प. मार्च २०११ मध्ये फुकुशिमा झालं आणि पुढच्याच महिन्यात, १८ एप्रिलला, साखरीनाट्यात पोलिसांच्या गोळीबारात एक मच्छीमार मेला. मग नाणारची तेल रिफायनरी, जी २०१९ मध्ये रद्द झाली. मग रिफायनरीसाठीच बारसू.

बारसूचा सडा एप्रिलअखेरीस ज्याने पाहिलाय त्याला जास्त सांगायला नको. सगळा कातळ. सकाळी नऊलाच चप्पल तापते. सावलीला झाड म्हणावं तर करवंदाच्या जाळ्या. हापूस उतरवायचे, काजू वाळत घालायचे, वर्षाचा पैसा हातात यायचे हे दिवस. नेमक्या त्या दिवसांत, एप्रिल २०२३ मध्ये, माती परीक्षणाच्या गाड्या सड्यावर आल्या आणि बायका पोलिसांच्या गाड्यांपुढे रस्त्यावर आडव्या झाल्या. डोक्याला पदर किंवा टॉवेल गुंडाळलेला, कमरेला पाण्याची बाटली. त्यांच्यात साठी-सत्तरी ओलांडलेल्या कितीतरी. २८ तारखेला अश्रुधुराची नळकांडी फुटली. ज्या कातळावर हे चाललं होतं त्यावरची हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं आदल्याच वर्षी युनेस्कोच्या प्राथमिक यादीत गेली होती.

अशी आजी म्हणजे बहुधा पलटणीतल्या नाहीतर गिरणीतल्या कुणाची तरी सून. तिला कुणी आंदोलक म्हणून वाढवलं नाही. तिच्या सासऱ्याने फौजेत जाऊन जे मिळवलं, नवऱ्याने गिरणीत राबून जे राखलं, ते हेच होतं: चार कलमं, थोडा सडा, एक घर. ते जात असताना तिने आडवं पडणं यात मला क्रांती दिसत नाही, सरळ हिशेब दिसतो. आणि तो हिशेब चुकीचा असेल तर तो तिला समजावून सांगायची जबाबदारी अश्रुधुराची नाही.

आता नातवाकडे येऊ. मे २०२५. ऑपरेशन सिंदूर सुरू झालं त्या ७ तारखेला नागरी संरक्षणाच्या सरावासाठी निवडलेल्या ठिकाणांत रत्नागिरी, सिंधुदुर्ग, उरण, थळ-वायशेत ही नावं होती. भोंगा वाजला. १९७१ च्या युद्धात मुंबईच्या चाळीत काचांना काळा कागद चिकटवलेल्या बायका घरात गप्प झाल्या. त्यांना त्या वर्षीच्या ९ डिसेंबरची ‘खुकरी’ युद्धनौका आठवत होती, दीवजवळ बुडालेली, १८ अधिकारी आणि १७६ खलाशांसह. पोरांनी भोंग्याचं रील केलं. चार दिवस सगळ्यांच्या स्टेटसला विमानं आणि ज्वाळा. १० मे रोजी शस्त्रसंधी झाली तर काहींना चक्क वाईट वाटलं.

याच पोरांतल्या काहींनी दोन वर्षांपूर्वी बारसूच्या बायकांना मोबाइलवर ‘विकासविरोधी’, ‘विकल्या गेलेल्या’, आणखी पुढे जाऊन ‘देशद्रोही’ म्हटलं होतं. इथे मला खरा बदल दिसतो. पणजोबांच्या काळी सैनिक आणि सत्याग्रही एका घरात, कधी एकाच अंगरख्यात असत. महाडला पेन्शनर तळ्यावर गेले, तलवारवर खलाशी संपावर गेले. देशासाठी लढणं आणि सरकारशी भांडणं यांत विरोध आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ही फाळणी नवी आहे. १९४६ च्या खलाशांना आजच्या समाजमाध्यमांवर काय म्हटलं गेलं असतं, याचा नुसता विचार करून पाहावा.

मात्र पोरांवर सगळं ढकलून मोकळं होता येणार नाही. सिंधुदुर्ग किल्ल्यापाशी डिसेंबर २०२३ मध्ये नौदल दिन झाला, राजकोटावर शिवरायांचा सुमारे ३५ फुटी पुतळा उभारला, आणि २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. हे सगळं आमच्या वयाच्या लोकांनी घडवलं. युद्धाचा सोहळा करायला आम्ही शिकवलं. पैसे देऊन, मुलं घेऊन आम्हीच बघायला गेलो.

दुसरी गोष्ट अधिक बोचरी. नातू आजीला विचारतो: एन्रॉन नको, अणुभट्टी नको, रिफायनरी नको, मग मी काय करू? लांज्याहून, राजापुरातून बारावीनंतर निघालेला मुलगा आज नालासोपाऱ्यात दहा बाय दहात चौघांबरोबर राहतो, बारा तास डिलिव्हरी करतो. त्याला सडा वाचवण्याच्या गोष्टी सांगायला मला लाज वाटते. आंदोलनाच्या नेत्यांपैकी बऱ्याच जणांची मुलं पुण्यात आणि परदेशात आहेत, हेही त्याला दिसतं. त्याच्या रागात तथ्य आहे. ‘आंबा-काजू-पर्यटन’ हे तीन शब्द प्रत्येक सभेत ऐकून त्याचे कान किटलेत, कारण कलमबाग ज्याच्या बापाची आहे त्यालाच ते तीन शब्द पोसतात. कुळाच्या, भूमिहीनाच्या, दालदी किंवा खारवी मच्छीमाराच्या मुलाला त्यातून काय मिळतं? विरोध करणाऱ्यांनी या प्रश्नाला उत्तर दिलेलं नाही. माझ्या मते पुढचं आंदोलन हरलं तर पोलिसांमुळे हरणार नाही, या न दिलेल्या उत्तरामुळे हरेल.

तरी त्या मुलाला एक आठवण द्यावीशी वाटते. एन्रॉनने, जेएनपीटी बंदराने, सिडकोने नोकऱ्यांचं वचन दिलं होतं. त्या वचनांचं काय झालं हे उरण-पनवेलच्या आगरी-कोळी घरांत जाऊन विचारावं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासईजवळच्या दास्तान फाट्यावर आणि नवघरला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण मेले. त्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं सूत्र निघालं. २०२१ च्या जूनमध्ये त्याच भागातली नातवंडं पुन्हा हजारोंनी रस्त्यावर आली, मानवी साखळी केली, सिडको भवनाला घेराव घातला. मागणी काय? नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बां.चं नाव. मला त्या पोरांचं कौतुक वाटलं आणि पोटात खड्डाही पडला. आजोबा जमिनीसाठी लढले. नातू नावासाठी लढतोय, कारण साडेबारा टक्क्यांतला बराचसा हिस्सा बिल्डरला केव्हाच गेलाय आणि लढायला नावच उरलंय. याला कुणी अस्मितेचं राजकारण म्हणून नाक मुरडू नये. उरलेल्यातून माणूस जे धरता येतं ते धरतो.

सरकारी स्मृती या बाबतीत फार सोयीची असते. उरण तालुक्यातल्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहात पोलिसांच्या गोळ्यांनी आठ जण हुतात्मा झाले. गोळीबाराला नकार देणारे मामलेदार जोशीही तिथेच पडले. आता दर वर्षी त्या दिवशी पोलिसांचं पथक येतं आणि हवेत फैरी झाडून हुतात्म्यांना मानवंदना देतं. जुन्या मोर्चाला सलामी आणि चालू मोर्चाला लाठी, असा हा रिवाज आहे. पेण तालुक्यात २००८ च्या सप्टेंबरात महामुंबई सेझबद्दल (विशेष आर्थिक क्षेत्राबद्दल) २२ गावांत मतदान घेतलं गेलं, शेतकऱ्याला रांगेत उभं करून ‘तुला हवं का’ असं विचारलं गेलं. ती या किनाऱ्यावरची सर्वांत सभ्य गोष्ट होती. बारसूला तसं का विचारलं नाही, हा प्रश्न विचारणाऱ्याला मग बाहेरचा ठरवतात.

शेवटचा मुद्दा भरतीचा, आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. साडेसतरा ते एकवीस वयाची मुलं, चार वर्षं नोकरी, चारांतला एक कायम. बाकी तिघांना सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी आणि रामराम. पेन्शन नाही. देशाच्या तिजोरीच्या अंगाने या योजनेचं समर्थन करता येईल, करणारे करतात. पण कोकणाच्या अंगाने पाहिलं तर दीडशे-दोनशे वर्षांची एक साखळी इथे तुटते. पलटणीतून पेन्शन, पेन्शनीतून शाळा, शाळेतून मान वर करून बोलण्याची सवय. दापोली आणि महाड या साखळीतून घडले. पेन्शनर हा गावातला असा माणूस होता की ज्याने युद्धही पाहिलंय आणि ज्याला खोत, सरपंच, ठेकेदार यांपैकी कुणाची भीड नाही. स्टेटसवरच्या विमानांना ‘गप बस, मला माहितेय काय असतं ते’ असं म्हणू शकणारा पडवीतला माणूस तोच. तो आता नव्याने क्वचितच तयार होईल.

पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६-२७ मध्ये भरतात. विशी-पंचविशीतली, कवायत शिकलेली, हत्यार हाताळलेली मुलं आपापल्या वाडीत परत येतील. हायवेच्या कडेने अजूनही पहाटे धावताना दिसणाऱ्या मुलांना हे माहीत आहे, तरी ती धावतात, कारण दुसरं दार दिसत नाही. पणजोबांनाही दिसत नव्हतं. परतलेल्या मुलाला सगळ्यांत आधी जी नोकरी विचारली जाईल ती कुठल्यातरी प्रकल्पाच्या गेटवर सिक्युरिटीची असेल. पगार बरा असेल, युनिफॉर्म असेल, तो ती घेईल, आणि घेतली म्हणून मी त्याला बोल लावणार नाही. गेटसमोर जी मंडळी बसलेली असतील त्यांत त्याची आई असायची शक्यता मात्र बरीच आहे. त्या सकाळी त्याला ‘आत सोडू नको’ असा हुकूम सुटेल तेव्हा तो काय करेल याचा विचार ना भरतीवाल्यांनी केलाय, ना आंदोलनवाल्यांनी. दोघांनीही तो आता, गेट उभं राहायच्या आधी, त्याच्याशी बोलून करावा.